फॅन कंट्रोलर आणि टेंपरेचर सेन्सर जोडताना या चुका टाळा

कॅबिनेटचा पुढचा पंखा मध्येच जीव तोडून घोंघावतो, मध्येच गप्प होतो, आणि स्क्रीनवर तापमान दिसतं २६ अंश. अशा वेळी बहुतेक जण पंख्यालाच दोष देतात आणि नवा आणतात. नवा पंखाही तसाच वागतो. पंखा बिचारा हुकमाचा ताबेदार: कंट्रोलर सांगेल तसा तो फिरतो, आणि कंट्रोलर सेन्सर सांगेल ते खरं मानतो. म्हणून तपासणीची सुरुवात सेन्सरपासून करा.

सेन्सर नक्की काय मोजतोय?

कंट्रोलरसोबत येणारे दोन पिनांचे सेन्सर बहुतेक वेळा थर्मिस्टर असतात. २५ अंशांना त्यांचा रेझिस्टन्स साधारण १० किलोओहम असतो आणि तापमान वाढेल तसा तो कमी होत जातो. त्यांना प्लस-मायनस नसतं, त्यामुळे कनेक्टर उलटा बसला तरी काही बिघडत नाही. खरी चूक होते ती टोक बसवताना.

माझ्याच पीसीत एसएसडीच्या हीटसिंकवर (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पट्टीवर) लावलेला सेन्सर काही दिवसांत सुटला होता. मी साधी पारदर्शक टेप वापरली होती. उष्णतेने तिचा गोंद सैल झाला आणि सेन्सरचा मणी हीटसिंकपासून जेमतेम दोन मिलिमीटर वर उचलला गेला. एवढ्याशा फटीतून पुढच्या पंख्याची गार हवा जात होती आणि सेन्सर इमानेइतबारे तीच मोजत होता. एसएसडी तापत होती आणि पंखा मात्र निवांत फिरत होता. तेव्हापासून मी मोबाइल दुरुस्त करणारे वापरतात ती पिवळसर कॅप्टॉन टेपच लावतो, आणि मण्यामागची वायरही एक-दोन सेंटिमीटर त्याच पृष्ठभागाला चिकटवतो, म्हणजे ओढ बसली तरी मणी उचलला जात नाही.

सेन्सर सीपीयू आणि कूलर यांच्या मध्ये मात्र कधीही सरकवू नका. मण्याच्या जाडीने कूलर तिरका बसतो आणि थर्मल पेस्टचा सगळा उपयोग जातो. सीपीयूच्या आत स्वतःचा सेन्सर असतोच, तो आकडा मदरबोर्डकडून मिळतो.

दोन-तीन सेन्सर असतील तर कोणता कुठल्या चॅनेलवर आहे याची अदलाबदल हमखास होते. टोकं चिकटवण्याआधीच एक सोपी चाचणी करा: एकेक मणी दोन बोटांत धरा आणि स्क्रीनकडे पाहा. अर्ध्या मिनिटात ज्या चॅनेलचा आकडा चढेल, तो त्याचा. लगेच वायरीला चिठ्ठी लावा.

एक बारीक गोष्ट बरेच जण विसरतात. सगळे १० किलोओहमचे थर्मिस्टर सारखे नसतात, त्यांची ‘बीटा’ किंमत, म्हणजे तापमानाबरोबर रेझिस्टन्स किती झपाट्याने बदलतो त्याचा आकडा, वेगळी असू शकते. कंट्रोलर ३४३५ धरून चालत असेल आणि तुम्ही ३९५० चा सेन्सर जोडला, तर खोलीच्या तापमानाला आकडा अगदी बरोबर दिसेल, पण खऱ्या ५० अंशांना सुमारे ५४ दिसतील. गार असताना तपासून समाधान मानलं की ही चूक सापडत नाही.

तीन पिन, चार पिन

तीन पिनांच्या पंख्याला ग्राउंड, १२ व्होल्ट आणि वेग कळवणारी टॅको वायर असते. चौथी पिन पीडब्ल्यूएमची, म्हणजे वेगाचा हुकूम देणाऱ्या सिग्नलची. तीन पिनांचा पंखा पीडब्ल्यूएम मोडमधल्या हेडरवर (पंखा जोडायच्या पिनांवर) लावला तर तो कायम पूर्ण वेगाने फिरतो, कारण त्याला हुकूम ऐकू येणारी वायरच नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन त्या हेडरचा मोड डीसी करा. मग वेग व्होल्टेजने बदलतो. पण व्होल्टेज फार खाली नेलं तर पंखा फिरता राहू शकतो, थांबलेला असेल तर मात्र सुरू होत नाही, कारण सुरू व्हायला जास्त जोर लागतो.

एका हेडरवर दोन पंखे जोडणारा स्प्लिटर वापरत असाल तर टॅको वायर एकाच पंख्याची पुढे जायला हवी. दोन्हींची गेली की आरपीएमचा आकडा वेड्यासारखा उड्या मारतो. चांगल्या स्प्लिटरच्या दुसऱ्या टोकाला ती पिन मुद्दाम गाळलेली असते. कोणीतरी ‘अपुरा’ कनेक्टर समजून परत करायला निघालेलं मी पाहिलं आहे!

मदरबोर्डचा एक फॅन हेडर साधारणतः १ अँपिअरपर्यंत भार घेतो. पंख्याच्या मागच्या लेबलवर ०.२५ अँपिअर लिहिलं असेल तर चार पंख्यांतच मर्यादा गाठली जाते, आणि सुरू होताना करंट त्याहून जास्त लागतो. पंखे जास्त असतील तर थेट एसएमपीएसमधून (पीसीच्या पॉवर सप्लायमधून) वीज घेणारा हब वापरा.

इथे चूक झाली तर काहीतरी जळतंच

एका मॉड्युलर (सुट्या होणाऱ्या केबलींच्या) एसएमपीएसची केबल दुसऱ्याला लावू नका. कनेक्टर घट्ट बसतो म्हणून पिनांची मांडणी तीच असेल असं अजिबात नाही. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की कंट्रोलर आणि त्याच केबलवरची हार्ड डिस्क, दोन्ही गेले. तसंच ५ व्होल्टच्या एआरजीबी (रंगीत दिव्यांच्या) पट्टीचा प्लग १२ व्होल्टच्या आरजीबी हेडरमध्ये जोर लावून घालू नका. आणि काम सुरू करण्याआधी पीसीची वायर भिंतीवरच्या सॉकेटमधून काढून पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा.

सीपीयू फॅनचा हेडर रिकामा ठेवला तर पुष्कळ मदरबोर्ड सुरू होताना एरर देतात. कंट्रोलरची टॅको वायर तिथे जोडा. लिक्विड कूलरचा पंप व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या चॅनेलवर लावू नका, त्याला पूर्ण १२ व्होल्ट द्या.

पंखे सतत वर-खाली होत असतील तर सीपीयूचं तापमान हे कारण असू शकतं. एखादा प्रोग्रॅम उघडला की ते क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारतं. कॅबिनेटचे पंखे संथ बदलणाऱ्या सेन्सरशी जोडा, नाहीतर बायोसमध्ये प्रतिसादाला काही सेकंदांचा उशीर द्या. आणि मदरबोर्डचं व कंट्रोलरचं अशी दोन सॉफ्टवेअर एकाच पंख्यावर चालू ठेवू नका.

सेन्सरची वायर तुटली तर काय होतं, हेही आधीच पाहून ठेवा. तुटलेली वायर म्हणजे अफाट रेझिस्टन्स, आणि थर्मिस्टरच्या भाषेत अफाट रेझिस्टन्स म्हणजे कडाक्याची थंडी. म्हणूनच कधी उणे ४० सारखा आकडा दिसतो. साधा कंट्रोलर त्यावर विश्वास ठेवून पंखे मंद करतो. पीसी बंद करून एक सेन्सर काढा, पुन्हा सुरू करा आणि पंखे काय करतात ते बघा. मंद झाले किंवा थांबले, तर प्रत्येक चॅनेलचा किमान वेग ४० टक्क्यांच्या आसपास बांधून टाका.