काचेवरचा चिकटा काढताना या चुका टाळा

स्टिकर ओढला की अर्धा कागद हातात येतो आणि उरलेला गोंद काचेवर बसून राहतो. पुढे काय होतं ते बघून बघून मी वैतागले आहे. आधी ओलं फडकं, मग नख, मग थेट सुरी नाहीतर तारेची घासणी. जो चिकटा अर्ध्या तासात निघाला असता त्याच्यापायी काचेला कायमचे चरे पडतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे दिसली काच की लाव ब्लेड. "काच कडक असते, तिला काय होतंय?" असं लोक म्हणतात. पण चरे बहुतेक वेळा नुसत्या पात्याने पडत नाहीत, पात्याखाली सापडलेल्या धुळीने पडतात. धुळीत वाळू असते. मोह्सच्या काठिण्य मापावर (आकडा जितका मोठा तितकी वस्तू कडक) वाळूतली गारगोटी ७ आणि साधी काच साधारण ५.५. म्हणून ब्लेड वापरायचंच तर काच आधी धुवा, साबणाच्या पाण्याने ओली ठेवा, पातं नवं घ्या, आडवं धरा आणि एकाच दिशेने ढकला. मागे ओढू नका, उचलून पुन्हा पुढे लावा. मागे ओढलं की कण पात्याखाली अडकलाच म्हणून समजा.

आणि हे सगळं फक्त साध्या काचेसाठी. माझ्या भावाच्या नव्या सरकत्या दारावर संरक्षक फिल्मचा गोंद राहिला होता. साबणाचं पाणी आणि कोरं ब्लेड मीच त्याच्या हातात दिलं. त्याने काळजीपूर्वक केलं, दुपारी काच लख्ख दिसत होती. संध्याकाळी तिरपं ऊन आलं आणि दारभर केसासारख्या रेघा चमकल्या. दार टफन्ड, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेल्या काचेचं होतं. ही काच भट्टीत ६०० अंश सेल्सियसच्या वर तापवतात, तेव्हा ती ज्यांवरून सरकते त्या रोलरवरचे काचेचे बारीक कण तिला चिकटून बसू शकतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण ब्लेडने सुटतात आणि पात्याबरोबर फरफटत जातात. सेरियम ऑक्साइड या काच घासायच्या पावडरीने पॉलिश करून पाहिलं, तर रेघा फिक्या झाल्या आणि तेवढ्या जागेतून बाहेरचं दृश्य लहरी दिसायला लागलं. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, त्यामुळे मापाची नवी काच करून घ्यावी लागली. काच टफन्ड असल्याचा बारीक शिक्का कोपऱ्यात होता. तो आधी बघायला हवा होता, हे मला अजून लागतं. तेव्हापासून शिक्का दिसला किंवा नुसती शंका आली, तरी मी ब्लेडला हात लावत नाही.

मग करते काय? तेल. घरात असेल ते. बहुतेक लेबलांचा गोंद पाण्याला दाद देत नाही, तेलाने मात्र मऊ पडतो. पण तेल लावून लगेच घासू नका! तसं केलं की गोंद निघत नाही, पसरतो. मी टिश्यू तेलात भिजवून डागावर चिकटवते, वर प्लास्टिक लावते आणि अर्धा तास दुसरं काम करते. मग जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने गोंद गुंडाळ्या होऊन येतो. नाही आला तर आणखी अर्धा तास. ज्यांना दोन मिनिटांत काच हवी असते त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त माझ्या खिडक्यांना हात लावू देत नाही.

वाळून कडक झालेल्या जुन्या चिकटपट्टीला आधी हेअर ड्रायरची कोमट हवा द्या. उकळतं पाणी थंडगार काचेवर कधीही ओतू नका, तडकते.

अ‍ॅसिटोन जोरदार आहे, पण प्लास्टिकची चौकट आणि रंग खातं. झटकन पेटतंही. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत नको.

आरशावर काहीही थेट फवारू नका. द्रव कडेने मागे शिरतो आणि मागचा थर काळा पडतो. फडक्यावर घ्या.

चष्मा, टीव्ही आणि फोनच्या काचेवर लेप असतो. तिथे ब्लेड नको, अ‍ॅसिटोनही नको. गाडीच्या मागच्या काचेवर आतून डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या तारा असतात, त्या खरवडल्या की तुटतात.

फटी बुजवायला लावलेलं, सुकलेलं सिलिकॉन हा वेगळाच प्रकार. ते विरघळवत बसू नका, आधी कापून काढा.

तेलाचं काम झाल्यावर काच भांड्यांच्या साबणाने धुवा आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेलाचा पातळ थर राहिला तर त्यावर धूळ बसते आणि नवी फिल्म लावायची असेल तर ती धरतच नाही.