फ्रेझल व्हर्ब्ज: ‘इट’ नेमकं कुठे ठेवायचं?

इंग्रजीतले काळ, कर्ता-कर्म, आर्टिकल्स हे सगळं बऱ्यापैकी जमतं, तरीही समोरचा चार वाक्यं भराभर बोलला की गोंधळ उडतो, अशांसाठी हे लिहितोय. हा गोंधळ बहुतेकदा अवघड शब्दांमुळे होत नाही. गेट, पुट, टेक, टर्न, लूक हे शाळेतल्या पहिल्या काही धड्यांतले शब्द, आणि त्यांना चिकटलेले अप, आउट, ऑफ, ओव्हर, एवढ्यानेच तो होतो. क्रियापद आणि असा छोटा शब्द मिळून वेगळा अर्थ देतात, त्या जोडीलाच फ्रेझल व्हर्ब म्हणतात. ‘वी हॅड टू पुट इट ऑफ’ यातला प्रत्येक शब्द ओळखीचा असतो, पण ते पुढे ढकलावं लागलं हे वेळेत लक्षात येत नाही. मला आजही कॉलवर असं वाक्य आलं की क्षणभर मागे पडायला होतं. सरावाने तो क्षण लहान होत जातो, एवढं मात्र खात्रीने सांगतो.

आधी याद्यांबद्दल. ‘रोज दहा फ्रेझल व्हर्ब्ज, समोर मराठी अर्थ’ अशा याद्या पाठ करू नका. त्यात वेळ वाया जातोच, शिवाय पुढे ज्या खड्ड्याबद्दल सांगणार आहे त्यात त्याच ढकलतात. फ्रेझल व्हर्ब्ज हजारो आहेत म्हणून घाबरायचंही कारण नाही. डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस या भाषा-अभ्यासकांनी २००७ साली सुमारे १० कोटी शब्दांचा ब्रिटिश नॅशनल कॉर्पस, म्हणजे बोललेल्या-लिहिलेल्या इंग्रजीचा संग्रह, तपासला. त्यात फ्रेझल व्हर्ब्जचा जितका वापर सापडला, त्यातला निम्म्याहून अधिक फक्त १०० फ्रेझल व्हर्ब्जचा होता. म्हणजे रोजचं बोलणं कळण्यासाठी लागणारा ढीग आवाक्यातला आहे. अडचण एवढीच की त्यातल्या एकेकाला अनेक अर्थ असतात. फोन ‘पिक अप’ करतात, मुलाला शाळेतून ‘पिक अप’ करतात, ऐकून ऐकून भाषा ‘पिक अप’ होते आणि मंदावलेला धंदाही ‘पिक अप’ होतो.

आता तो खड्डा. यादीत आपण ‘टर्न ऑफ म्हणजे बंद करणे’ असं लिहितो. त्यामुळे ‘टर्न ऑफ’ हा डोक्यात एकच अखंड शब्द होऊन बसतो. मग ‘तो बंद कर’ म्हणताना अखंड क्रियापद आणि त्यापुढे सर्वनाम, म्हणजे ‘टर्न ऑफ इट’ असं तोंडून जातं. हे चूक आहे. ‘टर्न ऑफ द फॅन’ चालतं, ‘टर्न द फॅन ऑफ’ही चालतं, पण सर्वनाम आलं की ‘टर्न इट ऑफ’ हाच एक पर्याय उरतो. पुट इट ऑन, थ्रो इट अवे, फिल इट इन, फिगर इट आउट, लूक इट अप, सगळ्यांचं असंच.

हे एकदा कळलं की लगेच उलटी चूक सुरू होते, ‘लूक हिम आफ्टर’. लूक आफ्टर, लूक फॉर, रन इनटू, डील विथ यांच्यामध्ये कर्म घुसत नाही. लूक आफ्टर हिम, रन इनटू देम, डील विथ इट. कारण इथे आफ्टर, फॉर, इनटू, विथ ही खरी प्रिपोझिशन्स, म्हणजे नामाच्या किंवा सर्वनामाच्या आधी येणारे शब्द आहेत, कर्म त्यांच्यामागूनच येणार. उलट ‘टर्न ऑफ’मधलं ऑफ क्रियाविशेषणासारखं वागतं, म्हणून ते कर्माला ओलांडून पलीकडे जाऊ शकतं.

कानालाही हा फरक कळतो. ‘टर्न इट ऑफ’मध्ये जोर ‘ऑफ’वर पडतो. ‘लूक फॉर इट’मध्ये तो ‘लूक’वर पडतो आणि ‘फॉर’ जवळजवळ गिळला जातो. अप, आउट, अवे, बॅक, डाउन, ऑफ असेल तर बहुतेक वेळा ‘इट’ मध्ये येतं. आफ्टर, फॉर, ॲट, इनटू, विथ असेल तर ‘इट’ शेवटी जातं. इन, ऑन, ओव्हर, थ्रू मात्र दोन्हीकडचे. ‘थिंक इट ओव्हर’ पण ‘गेट ओव्हर इट’, ‘पुट इट ऑन’ पण ‘काउंट ऑन इट’. इथे नियम शोधत बसू नका, जोडी जशी भेटेल तशी घ्या.

म्हणून माझा आग्रह एकच. वहीत अर्थाआधी ‘इट’ किंवा ‘हिम’ घालून जोडी लिहा. ‘कॉल ऑफ’ नको, ‘कॉल इट ऑफ’ लिहा. ‘लूक फॉर’ नको, ‘लूक फॉर इट’ लिहा. तो एवढासा शब्द सांधा कुठे आहे ते दाखवतो आणि जीभ तीच जागा लक्षात ठेवते. शंका आली तर लाँगमनची शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी उघडा. क्रियापद आणि ऑफ, अप यांच्यामध्ये ‘समथिंग’ आणि शेजारी दोन्ही टोकांचा बाण दिसला, तर ते फुटणारं आहे असं समजा. बाण नसेल तर ‘समथिंग’ जिथे छापलंय तिथेच आपलं कर्म.

बोलताना चुकलात तरी समोरच्याला कळतं, त्याचं फार मनावर घेऊ नका. ऐकताना चुकलात तर मात्र अर्थच उलटतो. ‘शी टर्न्ड द होल ऑफर डाउन’ यात ‘ऑफर’पाशी लक्ष सोडलं तर तिने ती नाकारली हे कळणारच नाही. एरवी आपण मराठी माणसं क्रियापदासाठी वाक्याच्या टोकापर्यंत थांबतोच. ती सवय इंग्रजी ऐकताना सोडू नका.

मराठीचा आणखी एक उपयोग आहे. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यातला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. ‘ईट इट अप’, ‘ड्रिंक इट अप’, ‘यूज इट अप’ यातला अप तेच काम करतो, क्रिया पुरती संपवतो. प्रत्येक अप असा नसतो, पण निम्मी भीती इथेच जाते.

काही वरिष्ठ सांगतात, ‘फ्रेझल व्हर्ब्ज टाळ, पोस्टपोन म्हण, टॉलरेट म्हण.’ हा सल्ला मला मुळीच पटत नाही. आपण काय बोलायचं ते आपल्या हातात असतं, समोरचा काय बोलेल ते नसतं. आणि हे फक्त गप्पांचे शब्द आहेत हेही खरं नाही. ‘कॅरी आउट’ आणि ‘पॉइंट आउट’ गंभीर अहवालांतही सर्रास येतात. मार्गदर्शक निवडायचाच असेल तर जो तुमचं वाक्य तिथल्या तिथे दुरुस्त करतो तो निवडा, पीडीएफ पाठवणारा नको.

लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. क्रियापद असेल तर दोन शब्द, नाम असेल तर एक. ‘सेट अप’ करायचं, ‘सेटअप’ तयार असतो. भूतकाळ पहिल्या शब्दाला लागतो, ‘लॉग्ड इन’. आणि ईमेलच्या शेवटी ‘लूक फॉरवर्ड टू मीट यू’ लिहू नका. तिथला ‘टू’ प्रिपोझिशन आहे, त्यामुळे त्याच्यापुढे ‘मीटिंग यू’ येतं.