सोलापूरहून तुळजापूर पायी: पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आधी हे वाचा

दसरा झाला की सोलापुरात एकच विषय, कोण कोण चाललंय पायी? कोजागरीला तुळजापूरला चालत जायचं ही आपल्याकडची जुनी रीत, अंतर साधारण ४५ किलोमीटर, आणि पहिल्यांदा जाणारा कोणीतरी असतोच जो विचारतो की काय घ्यायचं, कधी निघायचं, झेपेल का. झेपतं हो. एवढी माणसं बरोबर असतात की रस्ता आपोआप मागं पडतो. खरी वाट लागते ती तुळजापुरात पोचल्यावर, दर्शनाच्या लाइनमध्ये. निम्मी ताकद तिथल्यासाठी राखून ठेवायची आणि बाकीचं सगळं त्या हिशोबानं ठरवायचं.

आधी तारीख बघा. कोजागरी मध्यरात्रीच्या पौर्णिमेवर धरतात, देवळातली पौर्णिमा कधीकधी त्याच्या दुसऱ्या दिवशी येते, त्यामुळं घरातल्या कॅलेंडरवर नुसतं बोट ठेवून निघू नका, मंदिर संस्थान कार्यक्रम आधीच जाहीर करतं तो बघा. हे एवढं का सांगतोय, तर तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, सिंहासनावरून हलवता येते. दसऱ्याला पहाटे तिला साड्यांमध्ये गुंडाळून नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून आलेल्या पालखीत बसवतात, सीमोल्लंघन होतं, कुंकवाची उधळण होते आणि मग देवी पलंगावर निजते. महिषासुराशी लढून दमलीये, म्हणून ही श्रमनिद्रा. वर्षातनं तीनदा निजते ती, नवरात्राच्या आधीची घोरनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधीची मोहनिद्रा या बाकीच्या दोन. श्रमनिद्रा संपते पौर्णिमेला पहाटे, तेव्हा ती परत सिंहासनावर येते. म्हणजे तुम्ही एक दिवस लवकर पोचलात तर पलंगावरची देवी दिसणार. दर्शन ते दर्शनच, पण घरातल्या आजीनं "सिंहासनावर बघून ये" म्हणून बजावलं असेल तर हिशोब चुकवू नका, नाहीतर वर्षभर ऐकावं लागतं.

निघायचं सोलापुरातल्या रूपाभवानीच्या देवळापासून. नारळ फोडायचा, "आई राजा उदो उदो" म्हणायचं आणि तुळजापूर रोडला लागायचं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर निघा. बरेच जण अनवाणी जातात आणि ऑक्टोबरचं ऊन सोलापूरचं असतंय, दुपारचं डांबर पायाला कसं लागतं ते वेगळं सांगायला नको. रात्रभर चाललं की सकाळपर्यंत आरामात पोचता. अनवाण्याचा नवस नसेल तर जुनी, पायात मुरलेली चप्पल किंवा बूट घाला, नवी कोरी अजिबात नको. नवस असेल तर जाड सॉक्स चालतात का हे घरात विचारून घ्या, काही घरांत चालतं काही घरांत नाही, मी त्या भांडणात पडत नाही. बॅगेत पाण्याची बाटली, बारीक टॉर्च, पॉवरबँक, सुईदोरा, चिकटपट्टी, एक चादर, बास. जास्त घेतलंत की तामलवाडीपर्यंत खांद्याला कळतं.

त्या दिवसांत या हायवेवरची वाहनं बोरामणी-इटकळकडून वळवतात, त्यामुळं रस्ता चालणाऱ्यांचाच असतो. तळे हिप्परग्याचा तलाव मागं पडला की गार वारा लागतो आणि सगळ्यांना उगाच जोर येतो, पोरं पळायलाच लागतात. नका पळू. हीच पोरं पुढं माळुंब्र्याजवळ कडेला पाय धरून बसलेली दिसतात. तामलवाडी म्हणजे साधारण निम्मं, तिथं नीट थांबा, पाय वर करून पडा, पण झोपू नका, एकदा डोळा लागला की उठवत नाही. फोड आला तर फोडायचा नाही, चिकटपट्टी लावून पुढं. रस्ताभर चहा, केळी, खिचडी, पोहे वाटणारे असतात, हात धरून खायला घालतात, कुणी तर अनोळखी माणसाचे पाय तेल लावून चोळून देतं. प्रत्येक ठिकाणी खाल्लंच पाहिजे असं काही नाही, आणि कागदी कप कृपा करून पिशवीत टाका, दुसऱ्या दिवशी त्या रस्त्याकडं बघवत नाही.

वाटेत आराधी, म्हणजे देवीच्या भक्तिणी भेटतील, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर मळवट, हातात परडी आणि पेटता पोत, म्हणजे कापडाची मशाल. सुटे पैसे टाकून पुढं पळण्यापेक्षा घरून थोडं पीठ-मीठ आणि तेलाची छोटी बाटली आणा. कोरडं परडीत घालायचं, तेल पोतावर, बेतानं, एकदम ओतलं की भडका उडतो. मग नमस्कार करायचा, आराधिणी तुमच्या कपाळाला कुंकू लावतील.

सिंदफळ गेलं की घाट चढायचा. इथं घाई सुटते सगळ्यांना, आणि पोलीस सांगतील त्याच वाटेनं जावं लागतं, घाटशीळकडची बाजू बहुतेक. लाइन दोन प्रकारची असते, धर्मदर्शनाची लांब, आणि मुखदर्शनाची, म्हणजे लांबूनच देवीचं मुख बघायची, त्यामानानं लवकर सरकणारी. म्हातारी माणसं, लहान पोरं बरोबर असतील तर मुखदर्शन घ्या, त्यात काही कमीपणा नाही. देऊळ खाली आहे, पायऱ्या उतरून जायचं, आणि रात्रभर चाललेल्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, कठडा धरा. कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थावर हातपाय धुऊन मग पुढं. ओटीचं खण-नारळ घेताना भाव आधी विचारा, चप्पल ठेवायला बोलावून घेतात आणि मग ताट हातात देतात. बऱ्याच घरांचा पुजारी ठरलेला असतो, ते नाव घरून विचारून निघा. चिंतामणीच्या गोल दगडावर हात ठेवून मनातला प्रश्न विचारायची प्रथा आहे, उजवीकडं फिरला तर हो, डावीकडं तर नाही, पण पौर्णिमेला तिथंही रेटारेटी असते. पायात त्राण असेल तर रात्रीच्या छबिन्याला, म्हणजे देवीच्या मिरवणुकीला थांबा, सोलापूरहून गेलेल्या मानाच्या काठ्या त्यात असतात, आपल्या गावचा मान बघायला बरं वाटतं. पांढरा शर्ट मात्र घालू नका, कुंकू निघत नाही.

येताना एसटीच. जादा गाड्या सोडतात, पण चढायला झुंबड असते, त्यामुळं बरोबरच्यांशी कुठं भेटायचं ते सोलापुरातच ठरवून ठेवा, तुळजापुरात मोबाइलला रेंज धड मिळत नाही. आणि सीट मिळाली तर बूट काढू नका, सुजलेले पाय परत आत जात नाहीत.