लक्झरी एसयूव्ही घेताना इंजिनाचे आकडे असे वाचा

आधी एकक बघा. पॉवर कधी किलोवॅटमध्ये लिहिलेली असते, कधी पीएसमध्ये (मेट्रिक हॉर्सपॉवर), कधी बीएचपीमध्ये (ब्रेक हॉर्सपॉवर). २१० किलोवॅट म्हणजे सुमारे २८६ पीएस, पण बीएचपीत तीच पॉवर २८२ च्या आसपास येते. इंजिन तेच, आकडा वेगळा! म्हणून सगळे किलोवॅटमध्ये आणा. १ किलोवॅट म्हणजे १.३६ पीएस.

आता खरा प्रश्न टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचा; तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. बीएमडब्ल्यू एक्स५ घ्या. पेट्रोलची एक्सड्राइव्ह ४०आय ३८१ पीएस आणि ५२० न्यूटन-मीटर देते, तर डिझेलची ३०डी २८६ पीएस, पण तब्बल ६५० न्यूटन-मीटर, तेही १५०० ते २५०० आरपीएममध्येच (आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे). दोन्ही तीन लिटरची, सहा सिलिंडरची. शून्य ते शंभरच्या शर्यतीत पेट्रोलच पुढे राहते. मात्र पाच माणसं आणि सामान भरून खंबाटकी चढताना, इंजिन फार न फिरवता मिळणारा तो टॉर्क मला तरी जास्त मोलाचा वाटतो. त्यामुळे कमाल आकड्याशेजारी लिहिलेलं आरपीएम वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पॉवरला गाडीच्या वजनाने भागून बघायलाही विसरू नका; या गाड्या बहुधा दोन टनांच्या पुढे असतात. प्लग-इन हायब्रिडमध्ये (इंजिनासोबत चार्ज करता येणारी बॅटरी आणि इलेक्ट्रिक मोटर असलेली गाडी) इंजिन आणि मोटर यांचे आकडे बेरीज करू नका, कंपनीने दिलेली एकत्रित पॉवरच धरा. आणि टेस्ट ड्राइव्ह एकट्याने नको, घरच्यांना सोबत बसवून, चढाच्या रस्त्यावर घ्या.