विहिरीत पाणी असताना टँकर मागवू नका

जळगाव-धुळ्याकडून थेट कॅनडातल्या ओटावात येऊन हीट पंपाच्या, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या विजेच्या यंत्राच्या, घरात राहणाऱ्यांची पहिल्या हिवाळ्यात एक चूक हमखास होते. माझीही झाली. सकाळी कामावर निघताना वीज वाचवायची म्हणून घरातलं तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट १५ अंशांवर आणायचो आणि संध्याकाळी कुडकुडत घरी आलो की एकदम २३ करायचो. त्याच्या पडद्यावर 'ऑक्स' अशी अक्षरं यायची, तिकडे कधी लक्षच दिलं नाही. जानेवारीचं बिल डिसेंबरच्या दुप्पट आलं. मी आणि बायकोने स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच तो कागद तीनदा वाचला.

हीट पंप उष्णता तयार करत नाही. विहिरीवरची मोटर कुठं पाणी तयार करते? खालचं वर ओढते. तसाच हा पंप बाहेरच्या हवेतली उष्णता घरात ओढतो, कारण उणे तापमानातही हवेत उष्णता असतेच. थंडी बेताची असेल तर एका युनिट विजेत तीन युनिटांएवढी ऊब मिळते. गारठा वाढला की विहिरीचं पाणी खोल गेल्यासारखं होतं, उणे १५ ला चांगला पंपही दोनच्या आसपास येतो. 'ऑक्स' म्हणजे मात्र आपण बादलीत सोडतो तो रॉडच, इथे हवेच्या वाटेत बसवलेला. एका युनिटाला एकच युनिट. हा झाला टँकर.

थर्मोस्टॅट एकदम तीन-चार अंशांनी चढवला की पंपाच्या मदतीला लगेच रॉड लागतो. म्हणून २० किंवा २१, जे सोसेल ते ठेवा आणि त्याला हात लावू नका. रात्री फार तर एखादा अंश कमी करा. झरोक्यातून येणारी हवा तळहाताला कोमटच लागते. पंप बिघडला असं समजून 'इमर्जन्सी हीट' दाबू नका. त्याने पंप बंद होतो आणि सगळं घर रॉडवर चालतं. ते बटण पंप खरंच बंद पडला तरच.

साक्रीहून आई आली होती, तेव्हा बाहेरच्या युनिटमधून वाफांचे लोट निघताना पाहून ती ओरडली, "आग लागनी, आग लागनी!" आग नव्हती. यंत्र अंगावरचा बर्फ वितळवत होतं. पाच-दहा मिनिटं पंखा थांबतो, तेवढ्यापुरता रॉडही लागू शकतो. घाबरू नका आणि सळई घेऊन बर्फ खरवडायला तर मुळीच जाऊ नका, पत्र्याच्या पातळ पात्या वाकतात. भोवती साचलेला बर्फ मात्र फावड्याने बाजूला करत जा. घरातला फिल्टर महिन्यातून एकदा बघा.

उणे २५ च्या रात्री रॉड चालला तर चालू द्या. घरात लेकरं आहेत, म्हातारी माणसं आहेत, नळही गोठतात, तिथे कंजुषी नको. बॅकअपला, म्हणजे पंपाच्या मदतीला, रॉडऐवजी गॅसची भट्टी असेल तर कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म आहे का, हे घरात राहायला जायच्या दिवशीच पाहा. आणि बाहेर किती तापमान झाल्यावर बॅकअप लागावा, हे बहुतेक यंत्रांत ठरवून ठेवता येतं. पंप बसवणाऱ्याकडून किंवा घरमालकाकडून नोव्हेंबरातच ते लावून घ्या.