गवताच्या गोल गाठी बांधताना या चुका टाळा

पहिल्या वर्षी आम्ही मारवेल गवताच्या चाळीसेक गाठी बांधल्या. बाहेरून हिरवट-पिवळ्या, हाताला कोरड्या. संक्रांतीच्या सुमारास पहिली गाठ सोडली, सुतळी कापली आणि आतून राखेसारखी पांढरी धूळ उडाली. गाईनं एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं. ती बुरशी होती. दोन दिवस कडक ऊन पडलं होतं, म्हणजे गवत वाळलं असणार, एवढ्याच भरवशावर आम्ही बेलर, म्हणजे गाठी बांधायचं यंत्र, लावला होता.

ओल ओळखण्यातली चूक

बाकीच्या चुका निस्तरता येतात, ही येत नाही. गंजीत थोडं ओलसर गवत गेलं तरी पेंढ्यांच्या फटींतून वारा फिरतो आणि ओल निघून जाते. गाठीत गवत गुंडाळलं आणि दाबलं जातं, त्यामुळे मधल्या ओलीला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून वाडवडिलांचा गंजीचा अंदाज इथं लावू नका. बांधताना गवतात १५-१६ टक्के ओलावा असावा. १८ च्या वर धोका आहे आणि २० च्या वर बुरशी धरलीच म्हणून समजा.

पानावरून आपण फसतो. पान दुपारपर्यंत कुरकुरीत होतं, पण काडीच्या पेरात पाणी तसंच असतं. वाळायला ओळीनं पसरलेल्या गवताच्या पट्ट्याच्या तळातून, त्यातही बांधाच्या सावलीतल्या बाजूनं, एक जाड काडी उपसा. पेराजवळ नखानं खरवडा. साल सुटून नखात आली तर त्या दिवशी बेलर जोडू नका. पेर मोडताना कट्‌ असा आवाज यायला हवा, नुसतं वाकून चालत नाही.

खात्री करायची असेल तर घरातला वजनकाटा घ्या. १०० ग्रॅम गवत बारीक कापून तव्यावर अगदी मंद आचेवर हलवत राहा, करपू देऊ नका. वजन उतरायचं थांबलं की मोजा. ८४ ग्रॅम उरलं तर ओलावा १६ टक्के. अर्ध्या तासाचं काम आहे, पण वर्षाची वैरण त्यावर अवलंबून असते.

सकाळी दव असताना बांधू नका. थंडीच्या दिवसांत साधारण अकरा ते चार ही वेळ बरी. लसूणघास मात्र याला अपवाद आहे. त्याची प्रथिनं मुख्यतः पानांत असतात आणि भर दुपारी हलवलं की पानं झडून रानातच राहतात. ते सकाळी थोडं नरम असतानाच उलटावं आणि गोळा करावं.

कापणीला उशीर

गवत जास्त भरावं म्हणून बी धरेपर्यंत थांबणारे पुष्कळ आहेत. वजन वाढतं, पण काडी निबर होते आणि प्रथिनं घटतात. फुलोरा सुरू झाला की कापा. डोंगरी गवतात कुसळी असेल तर फार जपा. कुसळं तयार झाल्यावर कापलं तर ती गाठीत जातात आणि जनावराच्या हिरड्यांत, जिभेत रुततात. कापताना जमिनीपासून तीन-चार इंच धसकटं ठेवा. कापलेलं गवत त्यावर तरंगतं, खालून वारा लागतो आणि मारवेल पुन्हा जोमानं फुटतं. फुले जयवंतसारख्या संकरित नेपियर गवताची कोरडी गाठ बांधायच्या फंदात पडू नका. ते जाड खोड वाळता वाळत नाही, त्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चाराच करा.

एका बाजूनं फुगलेली गाठ

बेलर पट्ट्याच्या मधोमध सरळ नेला की मध्ये फुगीर आणि कडेला सैल गाठ निघते. एकाच कडेनं नेला तर एका टोकाला जाड. पट्टा बेलरच्या तोंडापेक्षा अरुंद असेल तर थोडा वेळ डावीकडून आणि थोडा वेळ उजवीकडून भरा. सैल गाठीत पाणी शिरतं आणि ती उचलताना सुटते. उचलणारे दाते जमिनीला घासू देऊ नका, माती आणि खडे गाठीत येतात.

गवत अडकलं तर आधी पीटीओ (ट्रॅक्टरवरून बेलर फिरवणारा दांडा) बंद करा, ट्रॅक्टर बंद करा, चावी खिशात टाका आणि मगच हात घाला. चालू रोलर गवताबरोबर हातही ओढून घेतो. घाईच्या दिवसांत हेच नेमकं विसरलं जातं, म्हणून घरच्या पोरांनाही हे बजावून ठेवा.

लगेच थप्पी लावणं

बांधल्यावर दोन-तीन आठवडे गाठ आतून तापते. या काळात गोठ्याला खेटून थप्पी मारू नका, ताडपत्री घट्ट गुंडाळू नका. मोकळ्यावर अंतर ठेवून राहू द्या आणि रोज एखाद्या गाठीत लोखंडी सळई खुपसून ठेवा. दहा मिनिटांनी काढल्यावर हात लावून धरवत नसेल तर ती गाठ बाजूला काढून सोडा. जास्त ओल्या गाठी स्वतःहून पेटूही शकतात. तापलेलं गवत तपकिरी होतं, त्याला तंबाखूसारखा गोडसर वास येतो आणि जनावरं ते आवडीनं खातात. त्यामुळे माल चांगला आहे असं वाटतं, पण त्यातली बरीच प्रथिनं पचेनाशी झालेली असतात.

नंतर साठवताना गाठी थेट जमिनीवर ठेवू नका. लाकडं किंवा जुने पॅलेट टाका, नाहीतर खालून ओल आणि वाळवी दोन्ही चढतात. दोन फूट व्यासाच्या गाठीत बाहेरचा फक्त दोन इंचांचा थर भिजून कुजला, तरी जवळपास ३१ टक्के गवत गेलं. हिशोब करून बघा, मग पत्र्याची शेड महाग वाटणार नाही.

विकत घेत असाल तर नगावर घेऊ नका, वजनावर घ्या आणि एक गाठ सोडून दाखवायला सांगा. २५ टक्के ओलाव्याच्या १०० किलो गवतात कोरडं गवत ७५ किलोच असतं, म्हणजे दिलेल्या पैशातला चौथा हिस्सा पाण्याला जातो.

बुरशीची गाठ गाभण गाईला तर मुळीच घालू नका, गाभडण्याची भीती असते. ती सोडताना स्वतःच्या नाकातोंडालाही फडकं बांधा, ती धूळ छातीत बसते.

आणि सुतळी. प्लास्टिकची असेल तर तिचा एकही तुकडा गव्हाणीत जाता कामा नये, ती पोटात पचत नाही, गोळा होऊन बसते. आमच्या गोठ्याच्या खांबाला एक खिळा ठोकलाय. गाठ सोडली की सुतळी आधी त्या खिळ्यावर, मग गवत गव्हाणीत.