लॅपटॉपच्या लाँचला जाताय? या चुका टाळा

लाँच सांगलीतल्या एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये असो की विश्रामबागच्या शोरूममध्ये, टेबलावरचं मशीन नटवूनच ठेवलेलं असतं. चार्जर लावलेला, ब्राइटनेस फुल्ल, स्क्रीनवर कंपनीचाच व्हिडिओ. तेवढं बघून ‘काय स्पीड आहे!’ म्हणू नका. चार्जर काढायला सांगा, मग ब्राउझरमध्ये दहा-पंधरा टॅब उघडा. बॅटरीवर आली की बरीच मशीन मंदावतात.

खरी महागात पडणारी चूक प्रोसेसरची. स्नॅपड्रॅगन एक्स या प्रोसेसरचे लॅपटॉप बॅटरीला चांगले, पण ते एआरएमवर, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या, मोबाइलसारख्या प्रोसेसर-रचनेवर चालतात. इंटेल-एएमडीसाठीची साधी सॉफ्टवेअरं त्यावर बहुतेक चालतात, कारण विंडोज ती इम्युलेशनने, म्हणजे आतल्या आत भाषांतर करून, चालवून घेतं. ड्रायव्हरचं, म्हणजे प्रिंटरसारखं यंत्र विंडोजशी जोडून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं, तसं नाही; तो एआरएमसाठीच बनवलेला लागतो. म्हणजे मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्याचा जुना बिल प्रिंटर, टॅक्सवाल्याचा डिजिटल सिग्नेचरचा डोंगल, सेवा केंद्रातलं बोटांचे ठसे घेणारं मशीन, यातलं काहीही अडू शकतं. अकाउंटचं सॉफ्टवेअर उघडलं म्हणजे काम भागलं असं नाही. डेमोच्या मशीनवर ड्रायव्हर टाकू देणार नाहीत, तेव्हा डोंगलच्या कंपनीला फोन करून एआरएमचा ड्रायव्हर आहे का ते विचारा आणि मगच बुकिंगचं बोला. काउंटरवर विचारून काय होणार? ‘सगळं चालतंय की’ हेच उत्तर मिळणार. शंका असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडा. मशीन एआरएमचं असेल तर तिथे सिस्टिम टाइपपुढे तसं लिहिलेलं असतं.

‘एआय लॅपटॉप’ या स्टिकरवरही जाऊ नका. कोपायलट प्लस पीसी हे मायक्रोसॉफ्टचं एआय लॅपटॉपसाठीचं नाव; ते लावण्यासाठी कंपनीने २०२४ मध्ये अटी घातल्या: एनपीयू (प्रोसेसरमधला एआयची कामं करणारा भाग) किमान ४० टॉप्सचा (टॉप्स हे त्याच्या वेगाचं माप), रॅम १६ जीबी, स्टोरेज २५६ जीबी. नुसतं एआय लिहायला कुणाची ना नाही. डेमो चालू असताना वाय-फाय बंद करायला लावा. काम थांबलं तर ते दूरच्या सर्व्हरवर होत होतं, एनपीयूचा त्यात काही हात नव्हता.

‘आत्ता कमी रॅम घेऊ, पुढे वाढवू’ हेही आता धरून चालू नका. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी बघा. फॉर्म फॅक्टरपुढे ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं तर रॅम बोर्डावरच डकवलेली आहे.

ओएलईडी स्क्रीन चकचकीत असेल तर ती दारापाशी नेऊन बघा. दुपारच्या उजेडात एक्सेलपेक्षा तुमचा चेहराच जास्त दिसेल.

डेमोच्या मशीनवर स्वतःचं जीमेल उघडू नका. उघडलंच असेल, तर मोबाइलवर गूगल खात्याच्या सिक्युरिटीत जाऊन ‘युवर डिव्हाइसेस’मधून ते मशीन साइन आउट करा आणि पासवर्ड बदला.

ॲडव्हान्स देण्याआधी ऑनसाइट (घरी येऊन दुरुस्तीची) वॉरंटी तुमच्या पिनकोडला लागू आहे का, ते लेखी घ्या. तासगाव-जतकडच्यांनी तर नक्कीच.